साठ पानं आणि वर एक

पोशेरा
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रगती बाय,

बोलतेय मी, लिहितेय रोशनी. म्हणजे चुका तुझ्या बहिणीच्या आणि शहाणपण तुझ्या आजीचं, हे आधीच समजून घे.

तुझं पत्र पोचलं. रोशनी शनिवारी जव्हारच्या होस्टेलातून आली, येताना पोस्टातून घेऊन आली. पाकीट एवढं जाड की मला वाटलं, पोरीने तिकडे लग्न ठरवलं. उघडलं तर आत एक आकडा. पुण्याला एवढी माणसं, बाय, आणि तुझं मन बसलं ते आकड्यावर.

बरं, आकडा तर आकडा. मी रोशनीला म्हटलं, पहिल्यापासून वाच. ती वाचत गेली. दिवाळीच्या आधी परदेशात कोणाला तरी एक संख्या सापडली. आजवर माहीत असलेल्या मूळ संख्यांमधली सगळ्यात मोठी. लिहून काढली तर चार कोटी दहा लाखांवर आकडे होतात. एकेक आकडा उच्चारत बसलं, जेवायला उठलं नाही, झोपलं नाही, तरी वर्ष उलटून जाईल. आणि एवढी अवाढव्य असून तिचे सारखे वाटे होत नाहीत. दोघांत नाही, तिघांत नाही, हजारांत नाही. वाटायला बसलं की काहीतरी उरतंच.

हे ऐकून तुझी आई सरू म्हणाली, "मग उपयोग काय तिचा?" मी तिला म्हटलं, "तू भाकरी थाप." मला उपयोग नको होता, बघायची होती. डोंगर बघतात तशी.

रोशनीने चिंचोके आणले. बारा मांडले. बारा हा गरीब स्वभावाचा आकडा, कोणाशीही जुळवून घेतो. दोन वाटे कर, तीन कर, चार कर, सहा कर. मग मी एक वाढवला. तेरा झाले आणि सगळं बिघडलं. कसेही मांड, ऐकेनात. एका चिंचोक्याने काय फरक पडावा? मी तेरा चिंचोके हातात घेऊन बसले, सरूची भाकरी करपली तरी मला वास आला नाही. सत्तर वर्षं मी वाटे बघतेय. वाटा बसला नाही की आपण म्हणतो, मासे कमी पडले, माणसं जास्त झाली. दोष आकड्याचाच असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

आणखी एक सांगते. तू लिहिलंस, एक या संख्येला मूळ संख्यांत धरत नाहीत, कारण एकाने तर सगळंच मोजता येतं. मला हसू आलं. खळ्यावर रास मोजताना आपण पहिल्या पायलीला एक म्हणतो का? लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. ती पहिली पायली धान्याच्या देवीची, कणसरी मायेची, मोजायची नसते. तू आश्रमशाळेत पहिल्या दिवशी "लाभ, दोन, तीन" म्हणालीस आणि सगळा वर्ग हसला, रडत आली होतीस. आता त्या वर्गाला सांग.

शेवटी लिहिलंस, तूही तसलीच एक संख्या तपासायला मशीनवर लावली आहेस, दिवाळीपासून चालू आहे, ती न फुटणारी निघाली की घरी येशील. हे मला आवडलं नाही. वावरचे पाहुणे मागणी घालायला यायचे होते त्या सकाळी तू पहिल्या गाडीने गेलीस. तुझ्या बापसाने त्यांना स्वतः वाढलं आणि म्हणाला, "मला एकच पोरगी, ती अजून लहान आहे." तेव्हापासून घरातल्या एकुलत्या फोनमध्ये तुझा नंबर नाही, म्हणून हा कागदाचा कारभार. आता त्याच्यासमोर यायला तुला आकडा कशाला पाहिजे? तो काय आकड्याला मिळणारं बक्षीस बघणार आहे?

पण लवकर कळव.

तुझी आजी भागी. खाली अंगठा आहे. ओला होता, म्हणून पसरला.

(आजीने पत्र तीन वेळा वाचून घेतलं. बाबा तेव्हा कोयत्याला धार लावत होते. तोच कोयता सकाळी लावून झाला होता. — रोशनी)


पोशेरा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रगती बाय,

तू सांगितलंस तसं केलं. आणि मी घाबरले.

तू लिहिलंस, तो मोठा आकडा करायची रीत सोपी आहे. एक दाणा घ्यायचा, दुप्पट करायचा, परत दुप्पट, परत दुप्पट. शेवटी त्यातला एक दाणा काढून घ्यायचा. बस. मी म्हटलं, एवढंच? हे तर मी सुपात करते.

सूप घेतलं, भात घेतलं. दोन, चार, आठ, सोळा. कोंबड्या जमल्या. थोड्या वेळाने मोजणं सोडलं आणि मापाने घेतलं. मापही पुरेना म्हणून रोशनीने वहीवर हिशेब केला. म्हणाली, "आजी, पंचविसाव्या दुपटीला आपली कणगी संपली." बरं, पुढे. "तिसाव्याला आख्ख्या पाड्याचं भात संपलं." पुढे. "चाळिसाव्याला सगळ्या जव्हार-मोखाड्याचं." मी विचारलं, "आणि पोरीच्या आकड्याला किती दुपटी?" तिने तुझं पत्र बघितलं. तेरा कोटी बासष्ट लाखांवर.

मी सूप खाली ठेवलं.

पोरी, तिसाव्या दुपटीला आमचा पाडा संपतो आणि तू कोटीच्या गोष्टी करतेस! मी डोळे मिटून ती रास डोळ्यांपुढे आणायला गेले. खळं भरलं, नदी भरली, घाट भरला, चांदण्या होत्या तिथवर भात गेलं, आणि रोशनी म्हणते, अजून सुरुवातही नाही. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा. मग कोणीतरी त्या राशीतून एकच दाणा उचलतो. आणि तेवढ्याने जी रास आतापर्यंत निमुटपणे निम्मी-निम्मी होत होती, ती कोणालाच वाटून देता येत नाही.

तो काढलेला दाणा कोणाचा, हे तुम्ही लोक विचारत नाही. मी सांगते. कणसरीचा.

पण दर वेळी असं होत नाही, हेही बघितलं. चारातून एक काढला, तीन. फुटला नाही. आठातून काढला, सात. नाही फुटला. मी खूश. सोळातून काढला, पंधरा, आणि तो तीन-तीनचे पाच वाटे होऊन समोर पसरला, बेशरम. मला त्याचा रागच आला. मग बत्तीसमधून एक काढला. एकतीस चिंचोके. दोन-दोन मांडले, एक उरला. तीन-तीन, एक उरला. पाच-पाच, एक उरला. रोशनी म्हणाली, "सहा-सहा मांड." तरी एक उरला. आम्ही दोघी ओसरीवर श्वास धरून.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "एकतीस फुटला का?"

मी म्हटलं, "कोण विचारतंय?"

तुझा बापूस गोठ्याच्या दारात पाठमोरा उभा. म्हणाला, "कोण नाही. बकरीशी बोलतोय."

मी म्हटलं, "बकरीला सांग, नाही फुटला."

तो गेला. बकरी काही बोलली नाही.

तुझ्या मशीनचं काय झालं? टेबलाखाली ठेवलंय लिहिलंस. मांजर बसू देऊ नको त्याच्यावर.

तुझी आजी भागी. अंगठा या वेळी नीट उठला.

(नंतर आम्ही एकशे सत्तावीसपण केले. दुपार गेली. फुटला नाही. — रोशनी)


पोशेरा
रविवार, १६ मार्च २०२५

प्रगती बाय,

शिमगा झाला. होळीपुढे नाचून माझे गुडघे मला शिव्या देतायत. आपल्या पाड्यातला लहान्या म्हणाला, "भागी काकू, पुढच्या वर्षी बसून नाचा." मी म्हटलं, पुढच्या वर्षी तू मला खांद्यावर घेऊन नाच.

पण मला सांगायचं आहे ते दुसरंच.

मागच्या पत्रात मी विचारलं नव्हतं, पण मनात होतं. एवढा मोठा सापडला, मग हाच शेवटचा का? तू न विचारता लिहिलंस, शेवटचा नाहीच. न फुटणाऱ्या आकड्यांना अंत नाही. मी रोशनीला म्हटलं, थापा मारते. शेवटपर्यंत कोणी चालत गेलंय का? चार कोटी आकड्यांच्या पुढे जाऊन कोणी हाक मारून सांगितलं, की अजून आहेत, या?

मग तू कारण लिहिलंस. रोशनीने दोनदा वाचलं, नाही कळलं. तिसऱ्यांदा मी होळीच्या राखेत काडीने खड्डे करून बघितलं, तेव्हा कळलं. बरोबर आहे का सांग. समज कोणी बढाई मारली, की जगातली सगळी न फुटणारी मापं माझ्याकडे आहेत. दोनाचं, तीनाचं, पाचाचं, अशी. ठीक. त्याला म्हणायचं, तुझ्या प्रत्येक मापाने पूर्ण मोजला जाईल असा एक ढीग घाल. तो घालतो. मग आपण गुपचूप त्यावर एक दाणा टाकायचा. आता मोज बाबा. दोनाच्या मापाने मोजलं, एक उरला. तीनाच्या, एक उरला. कुठल्याही मापाने मोज, तो एक उरणारच. म्हणजे एकतर हा ढीग फुटतच नाही, नाहीतर याच्याकडे नसलेल्या मापाने फुटतो. दोन्हीकडून बढाई खोटी. आणि त्याने नवं माप आणलं, तर परत नवा ढीग, परत वर एक दाणा.

बाय, मी त्या राखेपाशी बसून राहिले. लोक म्हणाले, म्हातारीला चक्कर आली.

मी जे जे बघितलं ते सगळं संपलेलं बघितलं. भात संपतं, नागली संपते, नदी चैत्रात संपते. वावरला ज्या वर्षी पोरं उपासमारीने गेली तेव्हा वाटलं होतं, हे काही संपत नाही. तेही वर्ष संपलं. तुझा आजा संपला. संपत नाही अशी गोष्ट मला कोणी दाखवलीच नव्हती. आणि तू दाखवलीस ती एका दाण्याने. तिथवर न जाता. घरी बसून. माणसाच्या डोक्याला हे कोणी दिलं असेल?

मी लहान्याला सांगायला गेले. तो म्हणाला, "काकू, ताडी उतरली नाही का अजून?" जाऊ दे.

तुझा बापूस बाजाराला जव्हारला गेला होता. आल्यावर सरूला म्हणाला, पुण्याची गाडी दुपारी लागते. सरूने विचारलं, तुम्हाला कशाला पुण्याची गाडी? म्हणाला, डेपोत एक जण विचारत होता. एक जण कोण, ते मी विचारलं नाही. मी म्हातारी आहे, बावळट नाही.

तुझी आजी भागी. अंगठ्याला राख होती, शाई कमी लागली.


पोशेरा
रविवार, १३ एप्रिल २०२५

प्रगती,

तुझं पत्र एका पानाचं. आकडा फुटला. मी येत नाही. एवढंच, आणि खाली थोडंसं.

ते थोडंसं रोशनीने वाचलं नसतं तर मी आज पत्र घातलं नसतं. तू लिहिलंस, मशीनने सांगितलं की माझी संख्या मूळ नाही, पण तिचे भाग कुठले ते मला माहीत नाही, बहुतेक कोणालाच कधी कळणार नाहीत.

हे कसं होतं गं? वाटे होतात हे नक्की, आणि किती होतात, केवढे होतात, ते कोणाला माहीत नाही? मी परत परत वाचून घेतलं. न फुटणाऱ्या आकड्याचा मला धाक वाटला होता. याचा त्याहून जास्त वाटतो. कारण याच्यासारखं मी बघितलंय. घर फुटलंय हे पाड्याला दिसतं. कुठून फुटलं, कुणाला विचार, सांगता येत नाही. वावरचे पाहुणे निमित्त. त्यांना काय, ते जेवून गेले.

तू लाखात एक निघेल अशी गोष्ट मशीनवर लावलीस आणि म्हणालीस, ती निघाली की येईन. हे न यायचंच ठरवणं झालं. मला अक्षर येत नाही, पण एवढं मोजता येतं. तू बापसापुढे रिकाम्या हाताने उभी राहायला घाबरतेस. तोही घाबरतो. दोघं एका सुपातले. आकडा फुटला तर फुटला, तू कशाला फुटतेस त्याच्याबरोबर?

आज जास्त बोलत नाही.

भागी

(पत्र वाचत होते तेव्हा बाबा ओसरीवरच होते. या वेळी हातात कोयता नव्हता, काहीच नव्हतं. "फुटला" वाचल्यावर उठून गेले. जेवायला उशिरा आले. आजीने अंगठा द्यायला नकार दिला, म्हणाली, रागात अंगठा द्यायचा नसतो. — रोशनी)


पोशेरा
रविवार, ११ मे २०२५

प्रगती बाय,

आता नीट बसून वाच. आकड्याची गोष्ट आहे, पण तुझ्या मशीनमधली नाही.

काल डोह उपसला. दर वैशाखात उपसतो तसा, तुला सांगायला नको. नदी आटली, वडाखालचा डोह तेवढा उरला, सगळ्या पाड्याने हंडे-बादल्या लावल्या. दुपारपर्यंत तळ दिसला. मासे, झिंगे, खेकडे, चिखलातून उड्या मारत. लहान्या घसरून पडला आणि त्याच्या चड्डीत खेकडा गेला. त्याची बायको म्हणाली, "आता हा कोणाच्या वाट्याला धरायचा?" मला अजून हसू येतंय.

मग वाटे. तुझा आजा होता तोवर तो घालायचा, आता तुझा बापूस घालतो. पाड्यात त्याच्या हातावर कोणी बोट ठेवत नाही. माणशी एक पान, नागडं पोर असो की माझ्यासारखी म्हातारी. वीटभट्टीवर नाहीतर मुंबईला कामाला गेलेल्याचंही पान पडतं. तो घरचा असतो ना. तो खात नाही, त्याच्या नावाने घर खातं.

गेल्या तीन वैशाखांत आपल्या घराची पानं चार पडली. तो, सरू, रोशनी आणि मी. कोणी काही विचारलं नाही.

काल लहान्याने सकाळीच सगळी माणसं मोजून सांगितली होती, साठ. साठ हा तर बारापेक्षाही मनमिळाऊ. तुझ्या बापसाने पळसाची पानं मांडली, दहाच्या सहा ओळी. अशा सरळ की त्यावरून दोरी धरावी. आणि मग त्याने आणखी एक पान घेतलं. ते कुठल्याच ओळीत बसेना. त्याने ते बाजूला, एकटंच ठेवलं. आणि पहिला मासा त्या पानावर टाकला.

मी वडाखाली बसले होते. माझं तोंड उघडं राहिलं ते मिटेना.

लहान्याने पानं मोजली. परत मोजली. म्हणाला, "तुळशीदास, एक जास्त झालं. साठ माणसं."

तुझा बापूस मासे घालत राहिला.

"अरे, हे कोणाचं? वाघाला घातलंस का?"

लोक हसले. त्याने हात थांबवला. मला वाटलं, आता उचलेल. त्याला उचलणं सोपं होतं. म्हणायचं, चुकलो, आणि मासा ढिगात परत. सरूने माझा दंड एवढा घट्ट धरला की आज काळा पडलाय.

तो म्हणाला, "माझ्या घरचं."

लहान्या म्हणाला, "तुझ्या घरची चार."

"पाच," तो म्हणाला. "एक पुण्याला आहे."

एवढंच. मग परत वाकला आणि सगळ्यांच्या पानावर सारखा हात फिरवत गेला. कोणाला एक झिंगा कमी नाही, कोणाला जास्त नाही. लहान्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, मला कोणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी सकाळीच एकसष्ट म्हटलं असतं."

घरी आल्यावर मी रोशनीला म्हटलं, काढ चिंचोके. एकसष्ट मांडले. दोनाने मोजले, एक उरला. तीनाने, एक उरला. चाराने, पाचाने, सहाने, एक उरला, एक उरला, एक उरला. तू लिहिलं होतंस तेच. सगळ्या मापांनी पुरा पडणारा ढीग, आणि वर एक. पुढचीही मापं लावून बघितली. बाय, आपला पाडा फुटत नाही. तुला धरलं की फुटत नाही.

मी त्या एका चिंचोक्याकडे किती वेळ बघत होते. तुझा तो चार कोटी आकड्यांचा मोठा असेल, मी त्याला इथून हात जोडते. पण त्याचं जे आहे ते सगळं याच्यात आहे, आणि हा माझ्या मुठीत मावतो.

तुझे मासे सरूने मीठ लावून छपरावर सुकत घातलेत. ज्या माणसाने जन्मात कधी कावळा हाकला नाही, तो सकाळपासून काठी घेऊन छपराखाली बसलाय. मी म्हटलं, अरे, जेवून घे, मी बसते. म्हणाला, "आये, तुला दिसत नाही नीट." मला घारही दिसते, पण असू दे.

तेव्हा आकडाबिकडा काही आणू नको. रिकाम्या हाताने ये. पुण्याची गाडी जव्हारला दुपारी लागते, ते तुला माहीत असेलच. आम्हालाही माहीत आहे.

इथवर लिहून झालं आणि बाहेरून आवाज आला, "विचारलं का, कधी येते म्हणून?"

मी म्हटलं, "कोणाला रे?"

आधी काठी आपटल्याचा आवाज. मग म्हणाला, "बकरीशी बोलतोय."

तर बाय, बकरी विचारतेय, कधी येतेस?

भागी. अंगठा दोनदा दिलाय. एक माझा. दुसऱ्याला माशाचा वास येईल, तो माझा नाही.